बहिरं प्रशासन

मंगळवार, रात्री

कालपासून ग्रुपवर तोच फोटो फिरतोय. कुणाच्या तरी माळ्यावर आपला हॉस्टेलचा सायक्लोस्टाइल अंक सापडला. ऑगस्ट 1988. पहिल्या पानावर माझा लेख, माझंच नाव आणि मथळा: ‘बहिऱ्या प्रशासनाला जाग कधी येणार?’ खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी अजून काहीच टाकलेलं नाही.

मथळा भिकार आहे, कबूल. बहिऱ्याला जाग कसली आणायची, तो झोपलेला थोडाच असतो? पण विसाव्या वर्षी कोण सांगणार. डाळीत अळ्या, तिसऱ्या मजल्यावर पाणी नाही, रेक्टरबाई दाद देत नाहीत. स्टेन्सिल मीच कापली होती. आज फोटो मोठा करून मोजलं. बहिरं, ठार बहिरं, कानात बोळे, पुन्हा बहिरं... दीड पानात सहा वेळा.

आणि रेक्टरबाईंचे कान कसले तिखट! रात्री साडेदहाला ट्रान्झिस्टर पुटपुटला तरी तळमजल्यावरून वर यायच्या.

तेच टोचतंय. त्यांना सगळं ऐकू यायचं, फक्त ऐकायचं नव्हतं. मग शब्द माझा का वापरला? म्हणजे तेव्हा तो माझा नव्हता. आता आहे. आज भाजीवाली ‘साठ’ म्हणाली, मला ‘आठ’ ऐकू आलं. दहाची नोट पुढे केली. ती नुसती बघत राहिली. ऑडिओग्रामवरची, म्हणजे कानतपासणीच्या आलेखावरची, रेघ उजवीकडे घाटासारखी उतरत जाते आणि स, श, फ त्या उतारावरून गडगडत खाली गेलेत. कानाचं मशीन लावूनही समोरच्याच्या ओठांकडे बघत बसावं लागतं. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. हे कुणाला सांगायचं? केस मोकळे सोडते हल्ली, तर वहिनी म्हणतात, या वयात?

त्याच पानाच्या तळाशी सात ओळींची बातमी आहे. एनएसएसची ‘मूकबधिर विद्यालयास भेट’, फळवाटप. ‘मुले शांत व शिस्तप्रिय होती.’ शांत कसली! मी होते ना तिथे. बाकं सरकवत, पाय आपटत, हातांनी भांडत होती. एका मुलाने केळं परत केलं होतं, त्याला संत्रं हवं होतं. ते कुणी छापलं नाही. वर सहा वेळा बहिरं आणि खाली खरेखुरे बहिरे सात ओळींत. एकाच पानावर, आणि मला काही दिसलं नाही.

कानाचं कळल्यापासून रात्री असलंच वाचत बसते. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ, 1864 पासून कर्णबधिरांचं. विद्यार्थ्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र ‘बफ अँड ब्लू’ 1892 पासूनचं. तिकडच्या बहिऱ्या मुलांच्या शाळांत छपाई शिकवायचे, टाइप जुळवून शाळेचं वर्तमानपत्र मुलंच काढायची. यंत्राच्या खडखडाटाचा त्यांना काय त्रास. आमची मेसमधली स्टेन्सिल त्यापुढे पोरखेळच.

तर त्या गॅलॉडेटमध्ये, त्याच 1988 च्या मार्चमध्ये, अध्यक्षपदासाठी शेवटी तीन नावं उरली. दोन बहिरी, एक ऐकू येणारं. मंडळाने ऐकू येणाऱ्या बाईंना निवडलं. 124 वर्षांत एकही बहिरा अध्यक्ष झालेला नव्हता. पोरांनी फाटकं अडवली, वर्ग बंद पाडले. अध्यक्ष बहिरा हवा, मंडळात 51 टक्के बहिरे हवेत. आठवड्याभरात, 13 मार्चला, किंग जॉर्डन अध्यक्ष झाले.

म्हणजे त्यांची मागणीच ती होती. बहिरं प्रशासन द्या! आणि पाचच महिन्यांनी मी इकडे त्याच नावाने बोंब मारत होते. एकटीच हसले मघाशी. मोठ्याने हसले असणार, कारण आतल्या खोलीतून धाकटी बघून गेली.

पुढच्या महिन्यात गेट-टुगेदर. हॉल, स्पीकर, सगळे एकदम बोलणार. जायचं की नाही ते... असो.

तपकिरी स्टिकरची नवीन बॅटरी काढली. स्टिकर सोलल्यावर मिनिटभर हवेत ठेवावी लागते. त्या मिनिटात ग्रुपवर लिहिलं: ‘संपादिका आता प्रशासनाच्या बाजूला गेल्या आहेत. मशीन बसवलंय.’ पाठवून टाकलं.

त्यावर कॉर्नर रूमवालीचा लगेच व्हॉइस मेसेज आलाय. अडीच मिनिटांचा. मशीन अजून डबीतच आहे. राहू दे, सकाळी ऐकेन.