ठाण्याचा पेपर मी इंग्रजीत वाचला

परवा शहापूरच्या काकूला माझ्या थिसीसमधलं एक पान वाचून दाखवलं आणि तिने जे तोंड केलं त्यावरून हे लिहायला बसलेय. गेली चार वर्षं नातेवाईक विचारतात तू नक्की करतेस काय, आणि मी आपलं ठोकून देते की जुनी वर्तमानपत्रं वाचते. ते तसं खोटंच आहे. जुनी वर्तमानपत्रं मी अगदीच कमी वाचलीयत, मी वाचते ते सरकारी माणसाने काढलेले त्यांचे सारांश, तेही इंग्रजीत.

नीट सांगते. ठाण्यातून १८६६ पासून 'अरुणोदय' नावाचं साप्ताहिक निघायचं, काशिनाथ विष्णू फडके यांचं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, ते आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, पण त्यानंतर तेरा वर्षांत गावाला स्वतःचा पेपर होता हे मला एमए होईपर्यंत माहीत नव्हतं. नंतर 'हिंदुपंच' पण ठाण्याचाच, टिंगलटवाळी करणारा. इतकी की गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०९ साली त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. आणि आज आपण गोखले रोडवर गाडी लावायला जागा शोधत फिरतो, असो.

तर मी मोठ्या उत्साहात अंक शोधायला निघाले. स्टेशनजवळचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, तिथून सुरुवात, मग मुंबई, मग कोणीतरी सांगितलं अमुक वाड्यात गठ्ठे आहेत, तिकडे गेले तर गठ्ठे रद्दीत जाऊन पंधरा वर्षं झालेली. एका वाचनालयात (नाव नको) एक बांधलेला खंड मिळाला तो उघडला आणि पानाचा कोपरा हातातच राहिला, तिथल्या काकांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही वाळवी मीच सोडली.

मग सरांनी सांगितलं नेटिव्ह पेपर्सचे रिपोर्ट बघ. प्रकार असा की १८५७ नंतर इंग्रजांना देशी भाषांतले पेपर काय छापतात याची धास्ती होती आणि साहेबाला मराठी, गुजराती, कानडी थोडीच वाचता येतेय. म्हणून मुंबई सरकारने माणूस नेमला, त्याला रिपोर्टर म्हणायचे, त्याच्या हाताखाली भाषांतरकार, आणि हे लोक दर आठवड्याला इलाख्यातले पेपर वाचून कामाचं वाटेल तेवढं इंग्रजीत उतरवून वर पाठवायचे, गोपनीय म्हणून. पुढे पुढे सोबत एक तक्ता पण यायला लागला, पेपरचं नाव, गाव, किती प्रती खपतात, आणि संपादकाचं नाव, जात, वय. हो, जात आणि वय पण. आज ते रिपोर्ट काळा घोड्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत, बरेचसे स्कॅन होऊन नेटवरही आलेत. म्हणजे पेपर ज्यांनी काढला, ज्यांनी वाचला, त्यांच्या घरात काही उरलं नाही आणि ज्याला तो बंद पडला तर बरं असं वाटायचं त्याने जपून ठेवलं. १९०८ साली टिळकांना सहा वर्षं मंडाले झालं त्याच वर्षी अरुणोदयवरही राजद्रोहाचा खटला झाला. जपलं ते प्रेमाने नाही एवढं लक्षात ठेवायचं.

मी मात्र विसरले. पहिलं चॅप्टर लिहिलं त्यात ठामपणे म्हटलं की ठाणे जिल्ह्यातले पेपर मुख्यतः सरकारी कारभारावर बोलत होते, कर, दुष्काळ, जंगल, म्युनिसिपालिटी. सरांनी वाचून एकच विचारलं, "हे पेपरात होतं की रिपोर्टरच्या टेबलावर होतं?" मी दोन दिवस त्यांच्यावर चिडून होते. पण बरोबर होतं ना त्यांचं, तांदळाचा भाव, औषधांच्या जाहिराती, कोणाची मुंज, कुठलं नाटक, हे सेक्रेटरीला कशाला कोण कळवेल? ज्यात सरकारला रस तेवढंच गाळणीत राहिलं आणि मी त्या गाळाला चहा समजून प्यायले. आणि हिंदुपंचसारख्या पेपरचं तर विचारूच नका, विनोदाचा इंग्रजीत सरकारी गोषवारा वाचायचा म्हणजे लग्नाच्या पंगतीचं बिल वाचून जेवल्यासारखं वाटतं.

तरी त्या गाळणीतून कधीकधी एखादा शब्द अख्खा निसटतो. जंगलाच्या तक्रारींमध्ये मला 'राब' भेटला, म्हणजे भाताचं रोप करण्याआधी वाफा भाजायची पद्धत. जंगल कायदे कडक झाल्यावर ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत एवढी बोंबाबोंब झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं, आणि त्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी राब होता. इंग्रजीत त्याला शब्दच नाही, म्हणून कागदोपत्री तो तसाच, रोमन अक्षरांत, पुढे समजावून सांगितलेला. गंमत म्हणजे ती इंग्रजी समजावणी मलाही लागली. ठाणे शहरात, नौपाड्यात वाढलेली मी, मला कुठून माहीत असणार.

म्हणून काकूला फोन केला होता. तिने वीस मिनिटं सांगितलं, उन्हाळ्यात झाडाचा टाहाळ तोडून आणायचा, वाफ्यावर शेण, टाहाळ, पालापाचोळा, गवत, वर माती असे थर द्यायचे आणि भाजायचं, मग पावसाच्या तोंडावर तिथे भाताचं बी टाकायचं, रोप जोमदार येतं, तण मरतं. टाहाळ तोडायला बंदी म्हणजे रोपच नाही, रोप नाही तर आवणी, म्हणजे भाताची लावणी, कसली करणार. तिच्या त्या वीस मिनिटांत मला कमिशन जेवढं कळलं तेवढं दोन पुस्तकांत कळलं नव्हतं.

आता थिसीसच्या परिशिष्टात मराठी मूळ उतारे जोडायचे असा नियम आहे. मूळ नाहीयेत. मग मी एक उद्योग केला, राबाबद्दलच्या तक्रारीचा इंग्रजी सारांश घेऊन तो परत मराठीत आणला, त्या काळची जुनी वळणं वगैरे घालून, दोन रात्री घालवल्या त्याच्यावर आणि स्वतःवर भयंकर खूश झाले. तेच पान काकूला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "अगं, ही तर तलाठ्याची नोटीस वाटते. भांडतंय कोण यात?"

ते पान काढून टाकलंय. परिशिष्टात इंग्रजी सारांशच ठेवलाय आणि शेजारचा मराठीचा रकाना मोकळा, सर काय म्हणतात ते सोमवारी कळेल.