धैवताची जागा आणि ८७२ सेकंद : माझा अनुभव

मी घरी शास्त्रीय गायन शिकवते. भूप आणि देशकार या रागांत सा, रे, ग, प, ध हे तेच पाच स्वर लागतात. पण भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर आहे आणि देशकारात धैवत (ध), आणि हा फरक कितीही समजावून सांगितला तरी कानावर पडल्याशिवाय उमगत नाही. म्हणून मी विद्यार्थिनींना यूट्यूबवरच्या मैफलींच्या लिंक पाठवत असे आणि सोबत लिहीत असे, "१४ मिनिटे ३२ सेकंदांपासून ऐका." पाऊण तासाच्या ध्वनिमुद्रणात बोटाने ती तांबडी रेघ सरकवताना वेळ मागेपुढे होतेच. एकीने तर मन लावून भलताच आलाप घोटून आणला. तिची मेहनत वाया गेलेली पाहून मला फार वाईट वाटले.

संगणकावर उपाय सोपा निघाला. व्हिडिओ हव्या त्या जागी थांबवून 'शेअर'वर गेले, की लिंकखाली वेळेजवळ एक चौकोन दिसतो. त्यावर टिचकी मारली की ती वेळ सेकंदांत लिंकच्या शेवटी जोडली जाते. माझे बरेचसे काम मात्र फोनवर चालते, त्यामुळे हीच जोडणी मी हाताने करू लागले. १४ मिनिटांचे ८४० सेकंद, त्यांत ३२ मिळवले की ८७२. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, इंग्रजी लहान 'टी', बरोबरचे चिन्ह आणि ८७२ असे लिहून पाठवले, तरी व्हिडिओ पहिल्यापासूनच सुरू झाला. कीबोर्ड मराठी असल्याने आकडे देवनागरीत उमटले होते; लिंकमध्ये ते इंग्रजी अंकांतच लागतात. ते सुधारल्यावरही जमेना, तेव्हा नीट पाहिले, तर त्या लिंकमध्ये प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे अक्षरांची माळ आधीपासूनच होती. प्रश्नचिन्ह एकदाच द्यायचे असते; त्यानंतरची भर 'अँड'च्या चिन्हाने (&) जोडावी लागते. तसे केले आणि व्हिडिओ थेट त्या आलापावर उघडला.

त्यानंतर खरा विचार करावा लागला तो जागेचा. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात लिंक थेट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर सुरू झाली, तर समेकडे नेणारी बंदिशीची ओळ, म्हणजे मुखडा, कानावरून गेलेलाच नसतो आणि सम आल्याचे समाधान ऐकणारीला मिळत नाही. म्हणून मी आता मुखड्याच्याही आधीचे पंधरा-वीस सेकंद धरते. आलापाची जागा दाखवायची असेल, तर गायक आधीच्या षड्जावर (सा) विसावतो तिथपासून सुरुवात करते, म्हणजे कान स्थिर होतो आणि पुढचा स्वर कुठून आला ते कळते.

गेल्या आठवड्यात दोन लिंक एकाखाली एक पाठवल्या : एकीत भूपाचा गंधारावरचा ठहराव, दुसरीत देशकाराचा उत्तरांगातला, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागातला धैवत. भलता आलाप घोटणाऱ्या त्याच मुलीने संध्याकाळी फोनवर दोन्ही गाऊन दाखवले, आणि देशकारात ती धैवतावर आली तेव्हा घाई न करता तिथे थांबली.