नाव घालण्याजोगं

आमच्याकडे पिठाचा एक पितळी डबा आहे. त्याच्या खांद्यावर टिंबाटिंबांनी आजोबांची आद्याक्षरं, आडनाव आणि खाली तारीख घातलेली आहे : १२-५-६१. आजी सांगायची, डबा घ्यायचा असं ठरल्यापासून तो घरात यायला दीड वर्ष लागलं. दोनदा ती दोघं पुण्याच्या तांबट आळीतून हात हलवत परत आली. तिसऱ्यांदा भाव जमला. मग एका माणसाने मांडीत डबा धरून, छिन्नी-हातोडीने टकटक करत नाव घातलं आणि ते होईपर्यंत आजी तिथून हलली नाही. "वेलांटी चुकली असती तर जन्मभर बघावी लागली असती," असं म्हणायची.

हा डबा यंदा दसऱ्याच्या आवराआवरीत घासत बसले होते, तेव्हा मनात आलं, आपण गेल्या वर्षभरात घेतलेल्या किती वस्तूंवर नाव घालावंसं वाटेल?

समोरच माळ्यावरून काढलेला ढीग होता. सगळ्यात वर टीव्हीचं खोकं, थर्माकोलसकट. टीव्ही विकून चार वर्षं झाली. खोकं ठेवलंय, कारण घर बदलताना लागेल. घर बदलायचा विचार गेल्या बारा वर्षांत एकदाही झालेला नाही. ठाण्यात आमच्या बाजूला चौरस फुटाचा भाव पंधरा हजार धरला, तर सहा चौरस फूट अडवून बसलेलं हे खोकं नव्वद हजारांच्या जागेत राहतंय, तेही बिनभाड्याने. हा हिशेब मी नवऱ्याला ऐकवला. तो म्हणाला, "माळा कार्पेटमध्ये धरत नाहीत." खोकं अजून आहे.

खोक्यामागून गाळण्या निघाल्या. चहाच्या, अकरा. यातली एकही मी विकत घेतलेली नाही. संक्रांत ते रथसप्तमी ज्या घरातली बाई चार ठिकाणी हळदीकुंकवाला जाते, तिला अकरा गाळण्या कुठून आल्या हे सांगावं लागत नाही. गाळण्या, साबणाच्या डब्या, झाकण न बसणारे प्लास्टिकचे डबे, मोबाइल टेकवायचे स्टँड. आणि मी काही साळसूद नाही. मीही घाऊक बाजारात जाऊन चाळीस टोपल्या आणल्या होत्या आणि चाळीस घरांत एकेक अडगळ हसतहसत, वर तिळगूळ देऊन, पोचती केली होती. त्यातली एक दोन वर्षांनी माझ्याकडेच परत आली. रंगावरून ओळखली.

आजीच्या वेळचं सुगड आठवलं. मातीचं लहानसं बोळकं, त्यात ओला हरभरा, उसाचे करवे, बोरं, गाजराचे तुकडे, गव्हाच्या लोंब्या, तिळगूळ. हरभरा आणि बोरं आम्ही पोरंच दुपारपर्यंत संपवायचो. सुगड चार दिवस कुठेतरी असायचं, मग फुटायचं, मातीत जायचं. वाण घरात राहायला येतच नव्हतं. संपणारी वस्तू द्यायची ही रीत आपण कधी सोडली कुणास ठाऊक. बहुधा "लक्षात राहील असं काहीतरी देऊ या" असं कुणीतरी म्हटलं त्या वर्षी. गाळणी देणारी एकही बाई मला आठवत नाही.

बाकीचा ढीग मात्र माझ्या हातचा. एक साबणाची बाटली निघाली, दाबायच्या तोंडाची. ऑनलाइन मागवलेल्या पायपुसण्यावर चाळीस रुपये डिलिव्हरी लागत होती. ते वाचावेत म्हणून मी एकशे एकोणतीस रुपयांची ही बाटली कार्टात टाकली होती. पायपुसणं फाटलं. बाटली कोरी आहे. रात्री अकरा वाजता पडल्यापडल्या अंगठ्याने घेतलेल्या बहुतेक वस्तूंची अशीच गत झाली आहे. आजीला तीन खेपा माराव्या लागत होत्या, त्यात चालून पाय दुखायचे आणि हौस अर्धी तिथेच उतरायची. मला उशीवरून मानसुद्धा उचलावी लागत नाही.

म्हणून मी स्वतःपुरता एक उद्योग सुरू केला. काही घ्यावंसं वाटलं की विचारायचं, यावर नाव घालशील? तारखेसकट? भाजी चिरायचं ते दोरी ओढायचं यंत्र लगेच बाद झालं. सहा बिनकामाचे काचेचे बोल बाद. एक पुस्तक पास झालं. चपला पास झाल्या, कारण जुन्या खरोखरच उसवल्या होत्या. फसलेही बरेचदा. सेलमधल्या चादरीवर, खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात सुंदर अक्षरात नाव घातलं होतं.

पिशव्यांना मात्र ही कसोटी लावता येत नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा वाटलं, दारामागची ती पिशव्यांनी फुगलेली पिशवी आता सुटेल. सुटली खरी. तिच्या जागी कापडी आल्या. साडीच्या दुकानाची, सराफाची, मुंजीची, कुठल्याशा चर्चासत्राची. कापडी पिशवी टाकवत नाही, कापड आहे ना. मागच्या महिन्यात मोजल्या, तेवीस भरल्या, आणि भाजीला जाताना हाताशी एकही नव्हती.

कढई मात्र हवी होती. जुनीचा कान निखळला होता, बूड एका बाजूने वर आलं होतं. तीन महिने थांबले. दोन दुकानं पाहिली, जाड बूड आहे का ते टिचकी मारून ऐकलं, शेजारणीची मागून आणून त्यात एकदा उपमा करून पाहिला. मग गेल्या रविवारी घेतली. दुकानदाराने विचारलं, "नाव घालायचंय? फुकट आहे." मी हो म्हटल्यावर त्याने मशीन लावलं. टकटक नाही, दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा आवाज. "काय नाव, साहेबांचं?"

"माझंच घाला. आणि तारीख."

वेलांटी नीट आली आहे का ते मी वाकून पाहिलं. आली होती. पैसे दिले, वळले, तर दुकानदाराने मागून हाक मारली. त्याच्या हातात दुकानाचं नाव छापलेली कोरी कापडी पिशवी होती.

"ताई, ही राहिली."


घेतली.