वाईची हळद आणि न आठवलेला शब्द

गेल्या फेब्रुवारीत मी वाईला गेलो तो ढोल्या गणपतीच्या दर्शनाला नव्हे, तर एस्पेरांतो बोलायला. हे सांगितल्यावर घरच्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती आता माझ्या सवयीची झाली आहे. डॉ. झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सामध्ये प्रसिद्ध केलेली ही रचलेली भाषा मी तीन वर्षे पुस्तकांवरून शिकतो आहे, पण ती तोंडाने बोलण्याची वेळ क्वचितच आली होती. म्हणून वाईच्या एका स्नेह्यांनी आपल्या वाड्यात सात-आठ जणांना दोन दिवसांसाठी बोलावले तेव्हा मी रजा टाकून निघालो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की खंबाटकी घाटात एका ट्रकमागे आमची एसटी तासभर अडकली.

वाड्यावर पोहोचलो तेव्हा ओसरीवर वाद रंगात आला होता. ‘मी जन्मलो’ हे एस्पेरांतोत ‘मी एस्तिस नास्किता’ असे म्हणावे की ‘नास्काता’, हा तो वाद. कृदंताचा प्रत्यय काळ दाखवतो असे एक पक्ष म्हणत होता आणि क्रिया पुरी झाली की चालू आहे हे दाखवतो असे दुसरा. या भाषेच्या अकादमीने १९६७ मध्येच दुसऱ्या पक्षाच्या बाजूने निकाल दिलेला आहे, परंतु त्यामुळे ओसरीवरच्या कोणाचाच उत्साह कमी झालेला दिसला नाही. नियम सैल सोडले तर एस्पेरांतोआधीच्या व्होलाप्युक या रचलेल्या भाषेची झाली तशी गत होईल, असे एकाने बजावले. वास्तविक ती भाषा तिच्याच माणसांच्या सुधारणांच्या भांडणात खचली होती. विश्वकोशाच्या गावात शब्दांवरून भांडायचे नाही तर कुठे, असे म्हणून यजमानांनी पुन्हा चहा ठेवला.

मला खटकले ते निराळेच. हा सगळा वाद मराठीत चालला होता. एस्पेरांतोभाषकांच्या मेळाव्यात आपापल्या मातृभाषेत बोलणाऱ्यासाठी ‘क्रोकोदिली’, म्हणजे मगरीसारखे वागणे, असे खास क्रियापद आहे. आम्ही सगळेच त्या दिवशी मगरी झालो होतो. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर हंगेरीहून आलेल्या साठीच्या एक निवृत्त शिक्षिका, मराठीचे अक्षर कळत नसताना, हसऱ्या चेहऱ्याने बसून होत्या. उठून निघून जावेसे वाटले, पण कोणत्या तोंडाने जाणार? त्या वादात दोनदा मीही तावातावाने बोललो होतो.

अखेर एकाला पाहुण्यांची आठवण झाली. आपला जन्म कुठला, हे त्याला एस्पेरांतोत विचारायचे होते, आणि तो नेमका त्याच क्रियापदाशी अडखळला. बाईंनी त्याचा प्रश्न ओळखला आणि म्हणाल्या, “मी नास्कीजिस एन सेगेद.” म्हणजे, मी सेगेदला जन्मले. त्या साध्या क्रियापदात कृदंतच नव्हते, त्यामुळे सकाळपासूनचा प्रश्न उद्भवलाच नाही. वाक्याची सुरुवात आपल्याच ‘मी’ने झालेली ऐकून यजमानांच्या मातोश्री मात्र चकित झाल्या, या भाषेत ‘मी’ला ‘मी’च म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

धीर येऊन मीही “मी त्रिन्कास तेओ” असे चहाबद्दल बोललो, तर शेजारच्याने वाक्य संपायच्या आत “तेओन!” म्हणून दुरुस्ती केली. कर्माला ‘न’ लागतो हे मला पाठ आहे. पण जन्मभर ‘मी चहा पितो’ म्हणणाऱ्याला, ज्यात चहाला कसलाच प्रत्यय नाही, तो ‘न’ ऐनवेळी आठवत नाही. दुपार ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी ‘री’ हे एकच सर्वनाम असावे की नसावे यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना घेऊन मेणवलीकडे पायी निघालो. तिथल्या वाड्याबद्दल आणि नदीच्या घाटाबद्दल मी काय सांगितले ते आठवत नाही, कारण वाटेत एका शेतात हळद शिजत होती आणि पुढचा दीड तास आम्ही तिथेच होतो. मोठ्या काहिलीतून वाफ निघत होती आणि एक मावशी हळकुंडाला काडी टोचून पाहत होत्या. काडी आरपार गेली की शिजली. पाहुण्यांनी मला विचारले, हे काय आहे? आणि तीन वर्षे व्याकरण घोटलेल्या मला हळदीचा शब्द आठवेना. ‘पिवळे मूळ’ म्हणालो, ‘पिवळी पूड’ म्हणालो. कुठे ‘न’ लागला, कुठे राहिला, कोण जाणे.

“बाईला म्हणावं, मोडून बघ की,” मावशी म्हणाल्या आणि वाळलेले एक हळकुंड त्यांनी हातावर ठेवले. मग बाई बोलत सुटल्या. सेगेद पाप्रिकेसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मिरच्यांच्या माळा ओवून वळचणीला कशा वाळत घालतात, हे त्यांनी हातांनी दाखवले, मी मराठीत सांगितले, आणि त्यावर मावशींनी त्या मिरचीचा भाव विचारला. मावशींबद्दल बोलताना बाई ‘शी’ऐवजी सारखे ‘ली’, म्हणजे तो, म्हणत होत्या, कारण हंगेरियनमध्ये दोघांना एकच सर्वनाम आहे. आदल्या दुपारचा अख्खा प्रश्न असा माझ्यासमोर उभा होता, पण माझे लक्ष मिरचीच्या भावाकडे होते. १९०५ साली फ्रान्समधल्या बुलोन येथे या भाषेच्या पहिल्या जागतिक अधिवेशनाला ६८८ माणसे जमली होती, तेव्हा अनेकांनी ती प्रथमच परक्याच्या तोंडून ऐकली असणार. त्यांना काय वाटले असेल, याचा थोडा अंदाज मला त्या काहिलीपाशी आला.

परतताना बाईंनी वही उघडून दाखवली. ‘हळद’ला नामाचा ‘ओ’ जोडून त्यांनी ‘हाल्दो’ असे लिहून ठेवले होते. नेमक्या त्या क्षणी मला ‘कुर्कुमो’ हा कोशातला शब्द आठवला, आणि आदल्या दिवशीचा तो शेजारी माझ्यात संचारल्यासारखा मी मोठ्याने तो सांगून टाकला. त्यांनी आभार मानले, ‘कुर्कुमो’ खाली बारीक अक्षरात टिपून घेतला आणि वरचा ‘हाल्दो’ तसाच राहू दिला.