आमची वाटचाल : जुन्या मोटारींची छते

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या मोटारींच्या छतांचे लाकूड आणि पत्रा नव्याने घडवून बसवण्याचे काम आम्ही करतो. पत्रा माझ्याकडे आणि लाकूड आमच्या भागीदार सुतारमिस्त्रींकडे, अशी वाटणी पहिल्यापासूनच होती. जुन्या वाड्याच्या पाडलेल्या तुळईतील सागवान ते स्वतः निवडत. सागवान वाफेवर नीट वाकत नाही, म्हणून छताची कमान ते पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून घडवीत, आणि सागाच्या तेलकटपणामुळे सरस सुटू नये यासाठी प्रत्येक पट्टी आधी ॲसिटोनने पुसून घेत.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या काळच्या शेव्हरोलेच्या छताचा मधला भाग पत्र्याचा नसे, कारण तेवढा रुंद पत्रा त्या वेळच्या गिरण्यांतून निघत नव्हता. अखंड पोलादी छत या कंपनीने १९३५ च्या मॉडेलांत आणले. त्याआधी लाकडी कमानी, त्यांवर तारेची जाळी, कापूस आणि सर्वांत वर पाणी न झिरपणारे कापड, अशी रचना असे. आम्ही ती जशीच्या तशी बसवतो.

आमच्यावर खरे संकट आले ते एका मोठ्या गॅरेजमुळे. लाकडाला वाळवी लागते, असे मालकांना सांगून त्यांनी छताच्या मधली ती मोकळी जागा सरसकट पत्रा वेल्डिंग करून बुजवण्यास सुरुवात केली, आणि तेही आमच्या निम्म्या दरात. आमच्याकडे गाड्या येणे बंद झाले आणि ट्रकच्या केबिनी ठोकून आम्हाला कामगारांचे पगार भागवावे लागले. वेल्डिंगच्या आचेने खालचे लाकूड करपते, पत्र्याखाली साचलेला ओलावा उरलेले कुजवतो आणि गाडी चालू लागली की छत ढोलासारखे घुमते, हे आम्ही प्रत्येकाला समजावून सांगितले. पण दर ऐकल्यावर कोणी थांबत नसे.

सांगलीचे एक डॉक्टर मात्र थांबले. त्यांच्या १९३१ च्या शेव्हरोलेची काचेवरची आडवी पट्टी पूर्ण कुजली होती. त्यांनी लाकडाचे पैसे आगाऊ दिले आणि घाई करू नका, असे सांगितले. कडेचा पत्रा मी वाळूच्या पिशवीवर मोगरीने उतरवला, इंग्लिश व्हीलवर, म्हणजे दोन चाकांमध्ये पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर, गुळगुळीत केला आणि पितळी स्क्रूंनी बसवला, कारण लोखंडी स्क्रू गंजून लाकूड फोडतात. पुढे त्या गॅरेजने बुजवलेल्या काही गाड्याही आमच्याकडेच आल्या. आम्ही त्यांची छते उकलून पुन्हा केली, तरी प्रदर्शनात त्यांच्यासमोर आजही त्या गॅरेजचीच पाटी लागते.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी छत उतरवण्यापूर्वी दारे बंद करून सांगाड्याला आतून तिरके आधार द्यावेत, नाहीतर नंतर दारे बसत नाहीत. कुजलेल्या कमानीचे तुकडे झाले असले, तरी ते दोरीने बांधून आमच्याकडे आणावेत. मापे त्याच तुकड्यांवरून मिळतात.