शिष्यवृत्ती येईपर्यंतचे महिने

आमच्या उदगीर भागात जून म्हणजे सोयाबीनची पेरणी. घरात असेल नसेल तो पैसा बी-खतात जातो आणि नेमके तेच पुण्यातल्या ॲडमिशनचे दिवस. सोयाबीन विकून पैसे येतात दिवाळीच्या आसपास. शिष्यवृत्ती त्याच्याही नंतर, कधी परीक्षा झाल्यावर. हे मधले महिने काढणं सगळ्यात अवघड, असं मी एमएस्सीला असताना शिकले.

महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरायला बसलेल्या नव्या मुलींना मी आधी एकच विचारते: तुझं आधार कुठल्या बँकेला सीड आहे, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला जोडलेलं आहे? कारण फॉर्म भरताना आपल्या मनात कुठलंही खातं असो, पैसे पडतात ते आधारला सीड असलेल्या खात्यात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. माझ्या रूममेटचे पैसे गावाकडच्या जुन्या खात्यात गेले होते. पासबुक आजीच्या पेटीत! आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायला दोन मिनिटं लागतात. बघाच.

माझा मेसचा खर्च 'कमवा आणि शिका' योजनेवर, म्हणजे शिकता शिकता काम करून मिळणाऱ्या पैशांवर निघायचा. सकाळी विभागात नोंदी करायच्या, मग लेक्चर. काही मुलींना या कामाचा संकोच वाटतो, ते ऐकून मला वाईट वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात काढलेल्या कॉलेजात मुलं अशीच राबून शिकली. हा आपला वारसा आहे.

मेस लावताना दराआधी खाड्याचा नियम विचारा. सलग किती दिवस नसलं तर पैसे कापतात, आधी सांगावं लागतं का. सणाला गावी जाणाऱ्यांचे तिथे बरेच पैसे वाचतात.

2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालंय. माझी धाकटी बहीण त्यामुळेच इंजिनिअरिंगला जाऊ शकली. पण खोली, मेस, पुस्तकं आहेतच, म्हणून वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही वेगळा भरायचा.

आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढायला टाका. जूनमध्ये सेतूवर रांग असते आणि वडील शेतात असतात.