सोलापूरच्या उन्हात पॅलासाइट

सकाळी स्टेशनवरून भुईकोट किल्ल्याकडे चालत निघालो. पिशवीत रशियातल्या सिमचान या पॅलासाइटचा, म्हणजे धातूत स्फटिक रुतलेल्या उल्केचा, दोन मिलिमीटर जाडीचा काप, दहापट भिंग आणि दोऱ्याला बांधलेलं छोटं चुंबक. किल्ल्याचा तट काळ्या बेसाल्टचा. चुंबक जवळ नेलं की दोरा किंचित वळतो, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. म्हणून चुंबक ओढलं गेलं एवढ्यावरून कुणी दगड उल्का म्हणून विकत असेल, तर घेऊ नये. भट्टीतली खंगरंही अशीच फसवतात, पण ती बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेली असतात. उल्केत अशी भोकं सहसा नसतात.

ऊन चढल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या काठी काप आकाशासमोर धरला, सूर्याकडे नव्हे. लोखंड-निकेलच्या चंदेरी जाळीत मधाळ पिवळे ऑलिव्हिनचे स्फटिक पेटले. हेच खनिज पारदर्शक आणि हिरवं मिळालं की पेरिडॉट म्हणून अंगठीत बसतं. तटाच्या बेसाल्टातही ते असू शकतं, पण इतके बारीक दाणे की भिंगानेही शोधावे लागतात. पॅलासाइट नाव निसर्गअभ्यासक पीटर पॅलासवरून आलं. त्याने 1772 मध्ये सायबेरियातला असा प्रचंड गोळा पाहिला होता. सिमचान मात्र 1967 मध्ये सापडली तेव्हा निव्वळ लोहउल्का समजली गेली. स्फटिकांचे तुकडे पुढे मिळाले. त्यामुळे एकाच उल्केचे काही काप खडेदार, काही कोरडे लोखंडी. आम्हाला दोन्ही मिसळलेला काप सर्वांत देखणा वाटतो.

धातूवरच्या तिरकस पट्ट्या दिसतात त्या अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल मिसळून केलेल्या खोदणीने. दर दहा लाख वर्षांत काही अंश इतक्या सावकाश थंड झालेल्या धातूतच त्या तयार होतात, म्हणून नक्कल जमत नाही. खडे मात्र काचेचे बसवता येतात. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर काच. ऑलिव्हिनमध्ये भेगा असतात, आणि जाड स्फटिकातून पाहिलं तर पलीकडची कड दुहेरी दिसते.

काप फार पातळ केला तर स्फटिक भेगांवरून निखळतात. खरा शत्रू गंज. जमिनीतून शिरलेलं क्लोराइड दमट हवेत धातू खातं, कडेला तपकिरी थेंब येतात आणि खडे सैल होतात. हात लावलाच तर शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, हवाबंद डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवावा. सोलापूरचा उन्हाळा यासाठी उत्तम. पण इथे सप्टेंबरात पाऊस जोर धरतो, तेव्हा जेलचे निळे दाणे ओलाव्याने गुलाबी झाले का हे दर आठवड्याला पाहावं.